पॅरिस : मला भावलं, ताईला नाही. असं का होतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात मी आणि माझी मोठी बहीण आठ दिवस पॅरिसला जाऊन आलो. विमान एक, खोली एक, दोघींच्या फोनमधले फोटोसुद्धा बहुतेक तेच. पण परतल्यावर कुणी "कसं वाटलं पॅरिस?" असं विचारलं की दोघींची उत्तरं दोन टोकांची. मी म्हणते, पुन्हा जायला मिळालं तर उद्या निघेन. ताई म्हणते, "बघून झालं एकदाचं." नवल याचं वाटतं, की पॅरिसचं वेड मुळात तिचं. शाळेत असल्यापासून तिच्या कपाटाच्या दाराला आतून आयफेल टॉवरचं चित्र चिकटवलेलं होतं. मी नुसती सोबत म्हणून गेले होते.

पहिल्या सकाळचा प्रसंग सांगते. आम्ही उतरलो होतो त्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. ताई आत शिरली, काचेतल्या क्रोसाँकडे बोट दाखवून म्हणाली, "टू, प्लीज." काउंटरमागच्या बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाल्या, "बोंजूर, मादाम." ताईला वाटलं, आपण काय मागितलं ते यांना कळलं नाही. तिने तेच जरा मोठ्या आवाजात सांगितलं. पुन्हा तेच, "बोंजूर, मादाम." मग मागून मी "बोंजूर" म्हणाले आणि चिमटा उचलला गेला.

बाहेर आलो तर ताईचा चेहरा उतरलेला. "आल्या आल्या अपमान." मला मात्र वाटत होतं, बाईंनी आपल्याला एक शब्द शिकवला. पुढचे सात दिवस हेच चाललं. वेटर बिल आणत नाही, तर ताईच्या मते तो आपल्याकडे दुर्लक्ष करतोय. माझ्या मते आपल्याला कुणी उठवत नाहीये, बसू निवांत.

हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग, की आणखी काही? पॅरिसला जाऊन आलेल्यांनी आपापला अनुभव जरूर लिहा.

पायपीट

मी अकरा वर्षं पॅरिसमध्ये राहते आहे, त्यामुळे त्या बेकरीतल्या बाईंची बाजू मांडते. इथे दुकानात शिरणं म्हणजे कुणाच्या तरी घराचा उंबरा ओलांडण्यासारखं असतं. आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार, मग काम. निघताना "मेर्सी, ओ रव्हार", म्हणजे धन्यवाद, येते. बोंजूर न म्हणता मागणी करणं त्यांच्या कानाला हुकूम सोडल्यासारखं लागतं. ताईंना तो अपमान वाटला हे मी समजू शकते, पण त्या क्षणी काउंटरच्या पलीकडेही नेमकं तेच वाटलं असणार.

बिलाचंही तसंच. न मागता बिल टेबलावर ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला "आता उठा" म्हणणं. "लादिसियों, सिल वू प्ले" म्हटलं की येतं. आणखी काही गोष्टी, ज्या माहीत नसल्याने माणसं चिडून जातात :

जेवताना नळाचं पाणी फुकट मिळतं, पण "ऊन काराफ दो" असं मागावं लागतं. नुसतं "वॉटर" म्हटलं तर विकतची बाटली येण्याची शक्यता जास्त. सेवेचं शुल्क किमतीतच धरलेलं असतं, वर टिप द्यायलाच हवी असं नाही. तीच कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडते, बाहेर फुटपाथवरच्या टेबलाला जास्त पैसे. ऑगस्टमध्ये छोटी दुकानं आणि बेकऱ्या रजेवर जातात, तेव्हा पाट्या बघून शहर रुसलंय असं समजू नका.

माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी विमानतळावरून घरी येतानाच हे सगळं सांगते. सांगितलेले पाहुणे आणि न सांगितलेले पाहुणे वेगवेगळं पॅरिस बघून जातात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. ज्याला आपण दृष्टिकोन म्हणतो त्यातली निम्मी माहितीच असते, असं माझं ठाम मत झालंय.

निळंशार

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

तिसऱ्या दिवशी मेट्रोत माझा फोन गेला. दार बंद व्हायच्या घंटीला एका मुलाने हातातून ओढला आणि तो फलाटावर उडी मारून पसार झाला. दार लागलं, गाडी सुटली. काचेतून मला तो पळताना दिसत होता आणि मी काहीही करू शकत नव्हते. तक्रार नोंदवण्यात अर्धा दिवस गेला. त्याच्या आदल्याच दिवशी साक्रे कर या टेकडीवरच्या चर्चच्या पायऱ्यांखाली एकाने बोलता बोलता माझ्या मनगटाला दोरा गुंडाळून गाठ मारली होती आणि पैसे मागत बराच वेळ मागे लागला होता.

त्यानंतर मला प्रत्येक माणूस चोर दिसायला लागला. ऑर्से संग्रहालयात वरच्या मजल्यावर जुन्या रेल्वे स्टेशनचं भलंमोठं घड्याळ आहे. त्याच्या काचेतून सीन नदी, पलीकडची त्विलरीची बाग आणि दूरवर साक्रे करचा पांढरा घुमट दिसतो. लोक त्या काट्यांपुढे उभे राहून फोटो काढत होते आणि मी पर्स छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकले होते. घड्याळ आठवतं, बाहेरचं दृश्य आठवत नाही.

घरी आल्यावर एका ओळखीच्यांनी मला सांगितलं, "सकारात्मक राहायचं असतं." मला ते फार लागलं. माझी नजर बिघडली हे खरं, पण ती मी बिघडवली नव्हती.

रानजाई

निळंशार, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. तुमच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीला दृष्टिकोनाचं नाव देणं अन्यायाचं होईल. धाग्याचा प्रश्न मांडताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मधुमालती

माझी दोन पॅरिसं आहेत आणि दोन्हींत बघणारी मीच.

२०१४ साली एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो, दहा दिवसांत सात देश. पॅरिसच्या वाट्याला दीड दिवस आला. बाकी सगळं बसच्या खिडकीतून, "डाव्या हाताला बघा, उजव्या हाताला बघा." आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर चाळीस मिनिटं, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत. पॅरिस म्हणजे गर्दी आणि रांगा, असं मी पुढे नऊ वर्षं सगळ्यांना सांगत होते.

२०२३ मध्ये मुलीबरोबर सहा दिवस गेले. तिची एकच अट होती, सकाळी अकराच्या आधी काहीही ठरवायचं नाही. एका दुपारी आम्ही सें मार्तां कालव्याच्या काठाने चालत होतो. हा कालवा शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून नेपोलियनच्या हुकमावरून खोदायला घेतला आणि १८२५ मध्ये खुला झाला. त्यावर कमानीसारखे उंच लोखंडी पादचारी पूल आहेत. अशाच एका पुलावर थांबलो, तर खालून एक बोट आली आणि दोन दारांच्या मधल्या हौदात उभी राहिली. मागचं दार मिटलं. पुढच्या दारातून पाणी आत यायला लागलं आणि ती बोट आतल्या माणसांसकट हळूहळू वर चढू लागली. ओल्या भिंतीवरच्या शेवाळाची एकेक रेघ पाण्याखाली जात होती. शेजारी एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते, ते दोघंही गप्प. पाणी पुढच्या पातळीला आलं, दार उघडलं, बोट गेली. पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील. त्याला ना तिकीट होतं, ना रांग.

पहिल्या वेळी मी मनाने कोती होते आणि दुसऱ्या वेळी उदार झाले, असं काही नाही. पहिल्या वेळी माझ्याकडे ती वीस मिनिटं नव्हती.

सुंठसाखर

या विषयाला वैद्यकीय बाजूही आहे. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८०च्या दशकात काही जपानी प्रवाशांमध्ये एक प्रकार पाहिला. चक्कर, धडधड, घाम, सगळे आपल्या विरुद्ध आहेत असं वाटणं, काही जणांना भासही. त्याला "पॅरिस सिंड्रोम" हे नाव पडलं. अशी माणसं फारच थोडी, आणि मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागाही नाही. पण कारणं म्हणून जे सांगितलं जातं ते विचार करण्याजोगं आहे : भाषेची अडचण, वागण्याबोलण्याच्या रीतींमधला फरक, मनात वर्षानुवर्षं जपलेलं चित्र आणि प्रत्यक्ष शहर यांतली तफावत, आणि शरीराचा थकवा.

रानजाई, तुमच्या ताईंच्या कपाटावरचं चित्र वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. तुम्ही कोऱ्या गेलात. त्या मात्र शाळेपासूनचं चित्र सोबत घेऊन गेल्या. ताईंना आजार वगैरे होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण थकव्याकडे आपण फार कमी लक्ष देतो.

जुनंपानं

चित्र आधी मनात तयार असलं की काय होतं, ते खुद्द पॅरिसकरांनीही अनुभवलंय. १८८७ मध्ये आयफेल टॉवरचं काम सुरू झालं तेव्हा शहरातल्या नामवंत कलावंतांनी "ल तां" या वर्तमानपत्रात त्याविरुद्ध निषेधाचं पत्र छापलं होतं. सही करणाऱ्यांत ऑपेराची इमारत उभारणारे वास्तुविशारद शार्ल गार्निए होते. तेव्हा टॉवर उभाही राहिला नव्हता, न बघताच तो कुरूप ठरला होता. परवानगी वीस वर्षांची होती, नंतर बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडला म्हणून टिकला. आता रात्री दर तासाला पाच मिनिटं तो चमचमतो आणि नदीकाठचे लोक बोलता बोलता थांबतात. लोखंड तेच आहे.

सावली

आईला घेऊन गेले होते. तिचे दोन्ही गुडघे दुखरे. पहिले दोन दिवस मेट्रोने फिरलो आणि तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला खोलीतच राहू दे." पॅरिसची मेट्रो १९०० सालची. जुन्या स्टेशनांत जिने, मग बोळ, मग पुन्हा जिने. संपूर्णपणे पायऱ्यांशिवाय वापरता येते ती १४ नंबरची नवी लाइन. आईला शहराबद्दल राग नव्हता, पण तिला शहर दिसतच नव्हतं. तिला फक्त पुढची पायरी दिसत होती.

मग खाली हॉटेलात विचारलं, तर त्यांनी ६९ नंबरची बस सांगितली. आयफेल टॉवरजवळून निघते, लूव्र संग्रहालयाजवळून, ओतेल द व्हील म्हणजे नगरपालिकेवरून, बास्तीय चौकावरून थेट पेर लाशेज दफनभूमीच्या बाजूला जाते. आईला खिडकीची जागा मिळाली. शेवटपर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. त्या संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "उद्या पुन्हा त्याच बसने जाऊ या का?" गेलो. तिसऱ्यांदाही गेलो. आजही ती पॅरिस म्हणजे "आपली बस" असंच म्हणते.

वयस्कर माणसांना नेणाऱ्यांनी मेट्रोच्या नकाशाआधी बसचा नकाशा बघा, ही कळकळीची विनंती.

अनवट

कामानिमित्त तीनदा गेलो, एकूण सात आठवडे राहिलो. भाषा कामापुरती येते, बोंजूर म्हणतो, चोरी झाली नाही, गुडघे ठीक आहेत, घाईही नव्हती. तरीही शहर आवडलं नाही.

कारण सांगतो. १८५३ नंतर बॅरन ओस्मान या सरकारी प्रशासकाच्या देखरेखीखाली शहर फोडून जे सरळ रुंद रस्ते काढले आणि दोन्ही बाजूंना एका उंचीच्या, एका रंगाच्या दगडी इमारती उभ्या केल्या, ते सगळ्यांना देखणं वाटतं. मला त्यात कोंडल्यासारखं होतं. कुठेही उभं राहिलं तरी तीच रेघ, तेच सज्जे, तीच राखाडी छपरं. बेलव्हीलच्या टेकडीवरच्या बागेत मला बरं वाटलं, आणि रस्त्याकडेच्या त्या हिरव्या ओतीव लोखंडी कारंज्यांपाशी. रिचर्ड वॉलेस नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये शहराला दिलेली ती पाणपोई, १८७०-७१ च्या युद्धात शहराला पडलेल्या वेढ्यात आणि त्यानंतरच्या कम्यूनच्या उठावात पाण्याचे झालेले हाल बघून. अजूनही त्यांतून पिण्याचं पाणी येतं. मी रोज बाटली भरून घ्यायचो.

"अजून नीट बघितलं नाहीस" असं मला नेहमी ऐकवलं जातं. मी नीट बघितलं. बघून आवडलं नाही.

पायपीट

अनवट, तुमचं म्हणणं वाचून मी थोडी थांबले. माहिती मिळाली की शहर आवडतंच असा माझा सूर लागला होता, तो मागे घेते. बेलव्हीलचं मात्र खरं आहे, मलाही मोकळं व्हायचं असलं की मी तिकडेच जाते.

रानजाई

सगळ्यांचे अनुभव वाचून मला लूव्रमधली एक गोष्ट सारखी आठवते आहे.

मोनालिसा आहे ते दालन तुम्हाला माहीत असेल. चित्र ७७ गुणिले ५३ सेंटिमीटरचं, जाड काचेमागे, आणि समोर माणसांचा समुद्र. ताई रांगेतून पुढे सरकत होती, हात उंच करून फोन धरलेला. मला पुढे जायचा कंटाळा आला म्हणून मी उलटी वळले. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं "काना गावचं लग्न" होतं, बायबलमधल्या गोष्टीवरचं. १५६३ सालचं, उंची पावणेसात मीटर, रुंदी दहा मीटरच्या आसपास, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. मेजवानी चाललीय, मधोमध वादक बसलेत, त्यांच्यापुढे दोन कुत्रे, उजवीकडे एक माणूस मोठ्या रांजणातून ओततोय. जवळपास सगळ्या दालनाची त्याच्याकडे पाठ होती. मी त्या कुत्र्यांसमोर अगदी एकटी उभी होते.

मी ताईला हाक मारली, "इकडे बघ." ती घड्याळ बघून म्हणाली, "चल, उशीर होतोय." तेव्हा माझ्या मनात आलं होतं, हिला बघताच येत नाही.

थोरली

मी ती ताई. हिनेच सकाळी फोन करून वाचायला सांगितलं. दोनदा वाचलं.

त्या दिवशी माझ्या पिशवीत काय होतं ते सांगते. दोघींचे पासपोर्ट. दोघींच्या विम्याचे कागद. लूव्रची साडेनऊची तिकिटं, सेंत शापेल या जुन्या चॅपेलची दीडची तिकिटं. दोन मेट्रो कार्डं, कारण हिने पहिल्याच दिवशी तिचं हरवलं आणि मी दुसरं काढलं. हिच्या डोकेदुखीच्या गोळ्या. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद, त्यात आमचे आठ दिवस बसवायला मी घरी तीन रात्री जागले होते. दालनात उशीर होतोय म्हणाले तो सेंत शापेलसाठी. तिथल्या रंगीत काचा बघून ही अर्धा तास मान वर करून उभी होती, आणि मी बाहेर पडायचा रस्ता शोधत होते.

पायपीट, बोंजूर म्हणायचं असतं हे मला ठाऊक होतं. वहीत लिहून नेलं होतं, पहिल्या पानावर. त्या सकाळी आठवलं नाही. विमानात झोप नाही, रात्री खोलीत झोप नाही, कारण पहाटेचा गजर वाजला नाही तर काय, ही धास्ती.

माझी बहीण शांत होती, हसतमुख होती, तिला सगळं छान दिसत होतं. खरं आहे ते. तिच्याकडे सांभाळायला काहीच नव्हतं. ते सगळं मी धरून बसले होते, आणि तिने कधी मागितलंही नाही, मी कधी दिलंही नाही. म्हणून मला हिचा राग नाही. पण "हिला बघताच येत नाही" हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सहाव्या दिवशी ही खोलीवर विसरलेला चष्मा आणायला परत गेली. मी लक्झेंबर्ग बागेत थांबले. तिथे हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, कुणीही उचलून हव्या तिथे न्याव्यात अशा. मी एक ओढून हौदाच्या कडेला नेली. खडीवर तिचे पाय खरखरत गेले. हौदात मुलं शिडाच्या छोट्या बोटी काठीने ढकलत होती. बोट पलीकडे लागली की पळत जायची आणि पुन्हा ढकलायची. पिशवी मांडीवर होती, पण तीत मी एकदाही हात घातला नाही. पाऊण तास. ही आली तेव्हा मी उठले आणि म्हणाले, "किती वेळ लावलास." मला राग आला नव्हता. मला उठायचं नव्हतं.

रानजाई

ताई, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. खुर्चीचंही नाही. मला वाटत होतं तू माझी वाट बघून वैतागली आहेस, म्हणून मी बसस्टॉपपर्यंत माफी मागत आले.

पुढच्या वेळी सगळं मी बघेन. तिकिटं, वेळा, पासपोर्ट, सगळं.

निळंशार

ताई, तुमचं लिहिणं वाचून घसा दाटून आला. पर्स छातीशी धरून उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

थोरली

निळंशार, तुम्हाला मनापासून धन्यवाद.

आणि तू. पासपोर्ट माझ्याकडेच राहतील, ते काही तुझ्या हाती द्यायची नाही. तिकिटं तू काढ, वेळा तू जुळव. मंगळवार लक्षात ठेव. त्या लग्नाच्या चित्रासमोर मला अर्धा तास हवा आहे, आणि तेवढा वेळ पिशवी तू धरायची.